निर्धोक दिवसांचें गणित

१९३५ सालच्या डिसेंबर महिन्याच्या आरंभीं मार्गारेट सँगर ह्या अमेरिकन बाई वर्ध्यास येऊन उतरल्या. संततिनियमनाचा प्रचार हें त्यांचें जीवितकार्य. १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत त्यांनीं ह्या कामासाठीं दवाखाना उघडला होता आणि त्यापायीं तीस दिवसांचा तुरुंगवासहि भोगला होता. हिंदुस्थानांत गांधीजींची संमति मिळाली कीं अर्धी लढाई जिंकली, असा त्यांचा हिशेब असावा. परंतु त्या आल्या तो वार सोमवार, आणि सोमवार हा गांधीजींच्या मौनाचा दिवस. सातासमुद्रांपलीकडून वाद घालण्यासाठीं आलेल्या ह्या पाहुणीला पहिला दिवस नुसत्या स्मितावर भागवावा लागला. खरें संभाषण ३ व ४ डिसेंबरला झालें.

त्या संभाषणाची मोठी बाजू पुष्कळांच्या परिचयाची आहे. बाईंचा भर साधनांवर, गांधीजींचा संयमावर. आणि दोघांपैकीं कोणीहि आपल्या जागेवरून हाललें नाहीं. मात्र महादेवभाई देसाई यांनीं १९३६ च्या जानेवारींत ‘हरिजन’ पत्रांत जो वृत्तांत दिला, त्यांत एक लहानशी सवलत नोंदलेली आहे. महिन्यांतील गर्भधारणेच्या संभवाचे दिवस टाळून उरलेल्या निर्धोक काळापुरताच पतिपत्नींनीं संबंध ठेवला, तर त्याला आपली हरकत नाहीं, कारण त्या दिवसांपुरता तरी संयम पाळावाच लागतो, असा गांधीजींचा अभिप्राय त्यांत आहे. साधनें नकोत, औषधें नकोत, पण पंचांग चालेल, असा त्याचा सरळ अर्थ. दिवस मोजण्याच्या उपायाला मिळालेली ही मान्यता सर्वस्वी नैतिक होती. उपाय गुणकारी आहे कीं नाहीं, किती जणींच्या बाबतींत आहे, चुकला तर कोणाच्या पदरीं काय पडतें, ह्या प्रश्नांचा निकाल त्या सवलतींत नव्हता.

वर्ध्याहून पूर्वेकडे जाणारी गाडी नागपूर आणि भंडाऱ्याचा मुलूख ओलांडून गोंदियास पोंचते. गोंदिया हा निराळा जिल्हा झाला तो १९९९ सालीं. १९३५ सालीं तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि वर्धा काय, भंडारा काय, दोन्ही एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडांत मोडत. धानाचा, तलावांचा, जंगलाचा हा झाडीपट्टीचा प्रदेश. आषाढ-श्रावणांत गुडघाभर चिखलांत वाकून रोवणी करावी, उन्हाळ्यांत तेंदूचीं पानें तोडावीं आणि उरल्या वेळांत विड्या वळाव्या, हा येथील कष्टकरी बाईचा संसार. पांचवें-सहावें बाळंतपण तिच्या जिवावर बेतणें ही त्या काळीं नवलाची गोष्ट नव्हती. वर्ध्याच्या वादाचा निकाल शेवटीं अशाच घरांतून लागावयाचा होता, म्हणून निर्धोक दिवसांचें गणित तपासतांना ही बाई नजरेआड होऊं देतां कामा नये.

दिवस मोजण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. मनुस्मृतींत ऋतुकालाच्या सोळा रात्री सांगितल्या आहेत. त्यांतून पहिल्या चार, अकरावी व तेरावी वर्ज्य केल्या आहेत. सुश्रुतानें ऋतु बारा रात्रींचा मानला आणि दिवस सरला कीं कमळ मिटतें त्याप्रमाणें ऋतु संपल्यावर गर्भमार्ग मिटतो, अशी उपमा दिली. ह्या सगळ्याचा हेतु अर्थातच अपत्य व्हावें हा होता. पण हाच नियम उलटा वाचला तर सोळाव्या रात्रीनंतर भय नाहीं, असें निघतें. आणि असा उलटा अर्थ लावणारे जाणते गृहस्थ आपल्याकडे झालेच नसतील असें मानण्याचें कारण नाहीं. अठ्ठावीस दिवसांनीं नेमानें ऋतु प्राप्त होणाऱ्या स्त्रीच्या बाबतींत हा अंदाज फारसा चुकत नाहीं. पण जिचा क्रम पसतीस दिवसांचा आहे तिचें स्त्रीबीज सुटतें एकविसाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे सुश्रुताचें कमळ मिटल्यानंतर कितीतरी दिवसांनीं!

युरोपांतील एकोणिसाव्या शतकाच्या वैद्यकाची स्थिति तर ह्याहूनहि वाईट होती. जनावरांच्या माजावरून मनुष्याची तुलना करून डॉक्टर लोक असें समजत कीं, गर्भधारणा ऋतूच्या आगेमागेंच होते आणि दोन ऋतूंमधला मधला काळ निर्धोक असतो. म्हणजे नेमके जे दिवस सर्वांत धोक्याचे, तेच निर्भय म्हणून सांगितले जात. त्या सल्ल्यावर विसंबून किती पाळणे हालले असतील याची गणती कोण करणार?

हा घोळ निस्तरला दोघां डॉक्टरांनीं, आणि तोहि एकमेकांची वार्ता नसतांना. जपानांतील निइगाता येथील क्युसाकु ओगिनो यानें १९२४ सालीं आणि ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथील हर्मान क्नाउस यानें १९२० नंतरच्या त्याच दशकाच्या अखेरीस आपापले निष्कर्ष मांडले. दोघांच्या म्हणण्यांतील मर्म एकच. स्त्रीबीज केव्हां सुटतें हें मागच्या ऋतूपासून पुढें मोजून ठरत नाहीं. तें पुढच्या ऋतूपासून मागें मोजावें लागतें. ओगिनोच्या मतें ही घटना येणाऱ्या ऋतूच्या आधीं बारा ते सोळा दिवस घडते. क्रम लांबला तर लांबतो तो पूर्वार्ध. उत्तरार्ध बहुधा ठरलेला असतो. ओगिनोला ह्या शोधाचा उपयोग अपत्यहीनांना व्हावा असें वाटे. उलट कामासाठीं त्यावर विसंबणें त्याला स्वतःला पसंत नव्हतें. पण शोध एकदां बाहेर पडला कीं शोधकाची इच्छा कोण विचारतो? १९३२ सालीं शिकागोच्या लिओ लाट्झ या डॉक्टरानें ह्या विषयावर पुस्तक काढलें आणि कॅथलिक कुटुंबांतून तें हातोहात गेलें. रोमच्या धर्मपीठाला आणि मगनवाडीला ही एकच पद्धति त्यांतल्या त्यांत सुसह्य वाटावी, आणि तीहि जवळजवळ एकाच कारणासाठीं, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

आतां गणिताकडे वळूं या. पुढच्या ऋतूपासून मागें मोजावयाचें खरें, पण पुढचा ऋतु अजून आलेलाच नसतो! हीच ह्या पद्धतीची मूळ अडचण. तिच्यावर तोड म्हणून असा नियम बसविण्यांत आला कीं, स्त्रीनें निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर, आपल्या तारखा लिहून ठेवाव्या. सर्वांत आंखूड क्रमांतून अठरा व सर्वांत लांब क्रमांतून अकरा वजा करावे. येणाऱ्या दोन आंकड्यांमधले सर्व दिवस वर्ज्य समजावे. एखादीचा क्रम सव्वीस ते एकतीस दिवसांचा असेल तर आठव्या दिवसापासून विसाव्यापर्यंत तेरा दिवस टाळावे लागतात.  आणि क्रम चोवीस ते छत्तीस असा हेलकावे खात असेल तर सहाव्यापासून पंचविसाव्यापर्यंत, म्हणजे सलग वीस दिवस! त्यांत ऋतूचे चार-पांच दिवस मिळविले कीं महिन्यांतून उरतें काय, हें कोणीहि बोटांवर मोजून पाहावें.

शरीरशास्त्रानें पुढें ह्यांत आणखी भर घातली. स्त्रीबीज सुटल्यावर फार तर एक दिवस जगतें, पण पुरुषबीज स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत टिकाव धरूं शकतें. विल्कॉक्स व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत दोनशें एकवीस स्त्रियांची रोजच्या रोज तपासणी करून १९९५ सालीं दाखविलें कीं, धोक्याचे दिवस प्रत्यक्षांत सहाच असतात. बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधींचे पांच. पण हे सहा दिवस महिन्यांत कोठें पडतील याचा नेम नाहीं. १९ व्या शतकांतील डॉक्टरांची फजिती सोडा. अलीकडच्या वैद्यकीय मार्गदर्शिकांत सांगितलेल्या दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या मर्यादेंत हे सहाच्या सहा दिवस अवघ्या तीस टक्के स्त्रियांच्या बाबतींत बसतात, असें त्याच संशोधकांना २००० सालीं आढळून आलें.

वर्ध्याची भेट झाली त्या वेळीं महाराष्ट्रांत हा विषय अपरिचित नव्हता. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र सुरू केलें. लंडनमध्यें मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला तो त्याच सालीं. ह्या प्रचारापायीं रघुनाथरावांची प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें, त्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ सालच्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें बॅरिस्टर म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सर्वसाधारण जोडप्यांना ब्रह्मचर्याचा उपदेश करून काम भागत नाहीं, हें कर्वे जन्मभर सांगत राहिले. पुढें १० नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत आंबेडकरांच्या पक्षाचे श्री. रोहम यांनीं संततिनियमनाची सोय सरकारनें करावी असा ठराव मांडला. त्यामागील युक्तिवाद आंबेडकरांनीं तयार केला होता, आणि वारंवारच्या बाळंतपणांनीं स्त्रियांच्या आरोग्याची व आयुष्याची होणारी हानि हा त्याचा गाभा होता. ठराव फेटाळला गेला. वर्ध्याचा वाद जगभर गाजला. मुंबईचा हा ठराव मात्र बहुतेकांच्या स्मरणांतूनहि गेला. वास्तविक स्त्रीच्या जिवाचा प्रश्न त्यांतच अधिक उघडपणें मांडला गेला होता.

असो. झाडीपट्टींतील त्या बाईकडे परत यावयाचें. तिला तारखा ठाऊक नव्हत्या असें म्हणतां येत नाहीं. ज्या घरांतून चार दिवस बाजूला बसण्याची चाल होती तेथें सुनेची तिथि सासूला, जावेला, किंबहुना अंगणांतल्या पोरासोरांनाहि कळे. अडचण निराळीच होती. लहान वयांत लग्न झालेल्या, एका मुलाला पाजीत असतां दुसऱ्याची चाहूल लागलेल्या स्त्रीला नियमित ऋतु येण्याचे महिने आयुष्यांत लाभत तरी किती? मूल अंगावर पीत असतां कित्येक महिने ऋतु येत नाहीं; आणि तो पुन्हां सुरू होण्याच्या आधींच बीज सुटून जाऊं शकतें, त्यामुळें मागच्या तारखांचा हिशेब तेथें कुचकामी ठरतो. उपासमार, हिवताप, अतिश्रम यांनींहि क्रम बिघडतो. ज्या पद्धतीला वर्षभराची सुरळीत नोंद लागते, ती पद्धति अशा रीतीनें तिची सर्वाधिक गरज असलेल्या बाईच्याच हातीं लागत नाहीं.

दुसरी गोष्ट ह्याहून नाजूक. वर्ज्य दिवस कोणते हें कळलें तरी ते वर्ज्य म्हणून पाळावयाचे कोणीं? गांधीजींनीं त्याच संभाषणांत असें सांगितलें होतें कीं, स्त्रियांनीं नवऱ्याला ‘नाहीं’ म्हणावयास शिकलें तर हिंदुस्थानांत हा प्रश्नच उरणार नाहीं. हें म्हणणें कोणी स्वप्नाळूपणाचें मानलें, पण निर्धोक दिवसांच्या पद्धतीचें अर्धें यश त्या एका शब्दावर अवलंबून आहे, हें त्यांत अचूक हेरलें गेलें होतें. मात्र ज्या घरांत पत्नीच्या नकाराला किंमत नव्हती तेथें हा नकार येणार कोठून, ह्या प्रश्नाला सूतकताईइतकें सोपें उत्तर नव्हतें. सँगरबाई साधन स्त्रीच्या हातांत द्या म्हणून जो आग्रह धरीत होत्या, त्याचें कारण हेंच होतें.

वर्ध्याची सवलत पुढें सरकारी धोरणांत उतरली ती एका व्यक्तीच्या द्वारा. राजकुमारी अमृत कौर ह्या गांधीजींच्या निकटच्या सहकारी. वर्ध्यास व सेवाग्रामास त्यांचा दीर्घकाळ वास झालेला. स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेंत कुटुंबनियोजनासाठीं ६५ लाख रुपये राखून ठेवण्यांत आले होते. पण कृत्रिम साधनें मंत्रिमहोदयांना नापसंत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेकडे मदत मागण्यांत आली ती केवळ निर्धोक दिवसांच्या पद्धतीपुरती. अमेरिकेहून डॉ. अब्राहम स्टोन आले, आणि १९५२ सालीं दिल्लीची लोदी कॉलनी व म्हैसूर राज्यांतील रामनगरम् येथें प्रयोग सुरू झाले. दिल्लींत सरकारी नोकरांचीं शिकलेलीं कुटुंबें, रामनगरम् येथें खेडुतांचीं.

निरक्षर स्त्रियांनीं दिवस मोजावे कसे? ह्यावर स्टोन यांनीं मण्यांची माळ सुचविली. प्रत्येकीच्या क्रमाप्रमाणें ओंवलेली. हिरवे मणी निर्धोक दिवसांचे, लाल मणी धोक्याचे. रोज एक मणी सरकवावयाचा. कल्पना मोठी चतुर, आणि जपमाळेच्या देशांत ती रुजेल असें वाटावें अशीच. पण अंधारांत हिरवा व लाल ओळखूं येईना. मुलें खेळतां खेळतां मणी पुढेंमागें करूं लागलीं. गुरांच्या गळ्यांतल्या माळेसारखी माळ घालावयास कोणी लाजल्या. आणि कित्येक जणींची अशी समजूत झाली कीं मणी सरकविला म्हणजेच काम झालें. माळ ही जणूं एक ताईतच! ह्या गोष्टी त्या काळीं हंशाचा विषय झाल्या. परंतु हंसण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, माळ घेऊन आलेल्या परक्या माणसांनीं बाईला नियम सांगितला, त्यामागचें कारण मात्र नीट समजावून सांगितलें नाहीं. शिकण्याची इच्छा पुष्कळ स्त्रियांनीं दर्शविली होती, पण नेमानें पद्धति पाळणारीं जोडपीं फारच थोडीं निघालीं. प्रयोग गुंडाळला गेला आणि सरकारचें लक्ष साधनांकडे व शस्त्रक्रियेकडे वळलें. पंचवीस वर्षांच्या आंत लंबक दुसऱ्या टोंकाला गेला. १९७६ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें सक्तीच्या नसबंदीचें विधेयक संमत केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें अंमलांत आलें नाहीं, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

तारखांच्या हिशेबाऐवजीं शरीराच्या खुणा ओळखाव्या, हा विचार मध्यंतरीं पुढें आला होता. बीज सुटल्यानंतर अंगाची उष्णता किंचित् वाढते. सुटण्यापूर्वीं कांहीं दिवस योनिमार्गांतील स्राव पातळ व निसरडा होतो. ऑस्ट्रेलियांत बिलिंग्ज पतिपत्नींनीं ह्या दुसऱ्या खुणेवर आपली पद्धति उभारली, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें तिची परीक्षा पांच ठिकाणीं घेतली. त्यांत आपल्याकडील बंगळूर हें एक. १९८१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांना पहिल्याच महिन्यांत स्रावाची खूण ओळखतां आली; निरक्षर बायकांनाहि. आपलें शरीर आपल्याला समजत नाहीं हा आरोप त्यांनीं खोटा ठरविला. तरीहि वर्षाअखेर शंभरांतून सुमारें वीस जणींना दिवस गेले. ह्या आंकड्याचें विवेचन ट्रसेल व ग्रमर-स्ट्रॉन या संशोधकांनीं १९९० सालीं केलें. नियम तंतोतंत पाळणाऱ्यांत वर्षाला शेंकडा तीन गर्भधारणा. नियम मोडून वागणाऱ्यांत तें प्रमाण शेंकडा ८६, म्हणजे कांहींच उपाय न करणाऱ्यांइतकेंच. इतकी निष्ठुर पद्धति दुसरी क्वचितच असेल. गोळी एखादे दिवशीं विसरली तर पुष्कळदां निभावतें. येथें मोडला जाणारा दिवस हाच नेमका धोक्याचा दिवस असतो. खूण बाईला कळली होती. अडलें होतें तें तेंच जुनें ‘नाहीं’.

उलट, जर्मनींत नऊशें स्त्रियांच्या पाहणींत उष्णता व स्राव ह्या दोन्ही खुणा एकत्र पाहून वर्षाला शेंकडा दोनांहूनहि कमी अपयश आल्याचें २००७ सालीं जाहीर झालें. पण त्या स्त्रिया काळजीपूर्वक शिकविलेल्या, रोज सकाळीं तापमान लिहून ठेवणाऱ्या, आणि त्यांचे जोडीदारहि त्या नोंदींत सामील असलेले. तो आंकडा उचलून पहांटे चार वाजतां चूल पेटविणाऱ्या घरावर चिकटविणें हा शास्त्राचा गैरवापर होईल.

स्टोन यांची माळ पन्नास वर्षांनीं पुन्हां अवतरली, ह्या वेळीं अधिक शहाणी होऊन. अमेरिकेंतील जॉर्जटाउन विद्यापीठांत तयार झालेली ही माळ हिंदींत ‘मालाचक्र’ म्हणून ओळखली जाते. उत्तर प्रदेश व झारखंडांतील खेड्यांतून ती वांटण्यांत आली. बत्तीस मणी, पहिला लाल ऋतूच्या पहिल्या दिवसाचा, आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे बारा मणी पांढरे, ते वर्ज्य दिवसांचे. रंग अंधारांत दिसण्यासारखा. बोलिव्हिया, पेरू व फिलिपाइन्स येथील पाहणीचा निकाल २००२ सालीं आला: नियम पाळला तर वर्षाला शेंकडा पांच, सरसकट पाहतां शेंकडा बारा. बारा हा आंकडा लहान भासतो. पण तोच धोका दहा वर्षें ओढीत गेलें तर शंभरांतून बहात्तर जणींना निदान एकदां तरी नको असतांना दिवस जातात. दोन मुलांमध्यें अंतर ठेवूं पाहणाऱ्या जोडप्याला हा हिशेब परवडेल. ‘आतां पुरे’ म्हणणाऱ्या बाईला परवडणार नाहीं. तिनें काय निवडलें तें २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत दिसतें. महाराष्ट्रांतील विवाहित स्त्रियांपैकीं जवळजवळ निम्म्यांनीं शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुरुषांनीं करून घेतलेल्या शस्त्रक्रियांचा आंकडा त्यापुढें नगण्य आहे.

मालाचक्राबरोबर एक अट सांगितली जाते. ज्या स्त्रीचा क्रम वर्षांतून दोनदां सव्वीसच्या आंत किंवा बत्तिसाच्या पुढें गेला, तिनें माळ ठेवून द्यावी व दुसरा उपाय धरावा.